डिस्ट्रोच्या क्रमवारीतला पहिला नंबर नक्की काय मोजतो?

‘सध्या सगळ्यात चांगली लिनक्स डिस्ट्रो कोणती?’ असं विचारलं की (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सवर आधारलेली, वापरायला तयार ऑपरेटिंग सिस्टिम) बरेच जण डिस्ट्रोवॉच या साइटच्या क्रमवारीकडे बोट दाखवतात. २००१ पासून चालू असलेली ही साइट बातम्या आणि आवृत्त्यांची माहिती मिळवायला फार उपयोगी आहे. पण तिची क्रमवारी मोजते एवढंच, की त्या साइटवरचं त्या डिस्ट्रोचं पान दिवसाला किती जणांनी उघडलं. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला एकच भेट धरली जाते. हा आकडा वापर किंवा दर्जा दाखवत नाही, असं साइट चालवणारेही सांगतात. शिवाय ही यादी स्वतःलाच खतपाणी घालते: वरचं नाव दिसलं की कुतूहलाने त्यावर क्लिक होतं, आणि त्या क्लिकमुळे ते वरच राहतं. एमएक्स लिनक्स कित्येक वर्षं तिथे अग्रस्थानी होती, २०२५ मध्ये कॅशीओएस वर आली. दोन्ही डिस्ट्रो चांगल्या आहेत. पण त्या जागेवरून त्यांच्याबद्दल कळतं ते इतकंच, की लोकांना त्यांच्याविषयी वाचायचं होतं.

दुसरे आकडेही तपासूनच घ्यावे लागतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं मासिक सर्वेक्षण फक्त गेम खेळणाऱ्यांचं असतं आणि त्यात स्टीम डेक या हातातल्या गेमयंत्रामुळे त्यावरची स्टीमओएस फुगून दिसते. डेबियनचं पॉपकॉन (कोणती सॉफ्टवेअर वापरली जातात याची मोजणी) स्वेच्छेचं आहे आणि इन्स्टॉलरमध्ये त्याचं मूळ उत्तर ‘नाही’ असतं. डाउनलोडचा आकडा तर सर्वांत फसवा. एकच आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) दहा यंत्रांवर टाकता येते, आणि दहा आयएसओ उतरवून एकही टाकली नाही असंही सर्रास होतं.

मग दर्जा कशावरून ठरवायचा? आधी डिस्ट्रो-डिस्ट्रोत खरोखर काय वेगळं असतं ते पाहू. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचा मूळ कोड सगळीकडे तोच असतो. मिंटची बहुतेक पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) थेट उबुंटूच्या भांडारातून (रिपॉझिटरीतून) येतात आणि उबुंटूची बहुतेक डेबियनमधून. परीक्षणात दिसणारा फरक पुष्कळदा वॉलपेपर, आयकॉन आणि पॅनेलच्या जागेचा असतो, आणि तो अर्ध्या तासात बदलता येतो. ‘सुरू केल्यावर इतकी कमी रॅम खाते’ ही तुलनाही जवळजवळ निरर्थक आहे. लिनक्स मोकळी रॅम फाइल-कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो, म्हणून ‘फ्री’ कमांडच्या उत्तरात ‘फ्री’ऐवजी ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा.

खरा फरक चार ठिकाणी असतो: कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा) किती जुना आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण आणि किती काळ देतो, अद्ययावत करताना काही बिघडलं तर मागे कसं जायचं, आणि एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत जाणं किती सुखरूप आहे. हे एका आठवड्याच्या परीक्षणात दिसतच नाही, म्हणून परीक्षणांवर उभी राहिलेली लोकप्रियता याबद्दल मुकी असते.

मागे जाण्याची सोय घ्या. इथे ओपनसुसे टंबलवीडचं काम मला सर्वांत पक्कं वाटतं, आणि तिची चर्चा मात्र त्या मानाने फार कमी होते. रोलिंग (ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट येणारी) असूनही तिचा प्रत्येक संच बाहेर पडण्याआधी ओपनक्यूए नावाच्या स्वयंचलित चाचणीतून जातो. रूट विभाजन (डिस्कचा सिस्टिमचा भाग) बीटीआरएफएस या फाइल-सिस्टिमवर असतं आणि झिपर या पॅकेज-व्यवस्थापकाच्या प्रत्येक कामाआधी आणि नंतर स्नॅपर हा प्रोग्राम आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या त्या वेळच्या अवस्थेची नोंद, घेतो. अपडेटनंतर डेस्कटॉप उठलाच नाही, तर ग्रब या बूट करून देणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूतून केवळ-वाचनीय स्नॅपशॉट निवडून आधीच्या अवस्थेत बूट करायचं, सगळं ठीक आहे याची खात्री करायची, ‘स्नॅपर रोलबॅक’ चालवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. रूटला ऐसपैस जागा द्या, ४० जीबीच्या खाली जाऊ नका. नाहीतर स्नॅपशॉटच डिस्क भरून टाकतात. आणि टंबलवीडवर अपडेट नेहमी ‘झिपर डप’नेच करा, ‘झिपर अप’ने नाही. व्हिडिओचे कोडेक पॅकमॅन या बाहेरच्या भांडारातून घेतले असतील, तर ते भांडार कधीकधी काही दिवस मागे राहतं आणि झिपर पुरवठादार बदलायचा का असं विचारतो. तेव्हा घाईने पहिला पर्याय न निवडता अपडेट रद्द करून दोन-तीन दिवस थांबलेलं बरं.

मिंटमध्ये हेच काम टाइमशिफ्ट करतं. ते आधीपासून बसवलेलं असतं, पण वेळापत्रक तुम्हाला स्वतः चालू करावं लागतं, आणि बरेच जण तिथेच चुकतात. एक्सटी४ या नेहमीच्या फाइल-सिस्टिमवर ते आरसिंक या साधनाने प्रती घेतं, म्हणून पहिली प्रत जवळजवळ सगळ्या सिस्टिमइतकी जागा घेते आणि पुढच्या प्रतींत फक्त बदललेल्या फाइल्स येतात. होम फोल्डर त्यात मुळात नसतो. टाइमशिफ्ट असो वा स्नॅपर, तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

आर्च या रोलिंग डिस्ट्रोबद्दलचा गाजावाजा दोन्ही बाजूंनी अतिरंजित आहे. तिचं दस्तऐवजीकरण अप्रतिम आहे, इतकं की दुसऱ्या डिस्ट्रोचे वापरकर्तेही आर्च विकीच उघडतात. ‘सतत मोडते’ ही ख्याती मात्र बरीचशी चुकीच्या वापरातून आली आहे. पॅकमन या आर्चच्या पॅकेज-व्यवस्थापकाला पॅकेजांच्या याद्या ताज्या करायला सांगून एखादंच पॅकेज टाकलं आणि बाकीची सिस्टिम जुनी ठेवली, तर नवं पॅकेज नव्या लायब्ररीवर (प्रोग्रामांच्या सामायिक कोडवर) बांधलेलं असतं, जुन्या प्रोग्रामला जुनी हवी असते, आणि काहीतरी तुटतंच. आर्च अशा अर्धवट अपडेटला पाठिंबा देत नाही. एकतर सगळी सिस्टिम अद्ययावत करा, नाहीतर काहीच नको. अपडेटआधी मुख्य पानावरच्या सूचना वाचणं हाही त्या डिस्ट्रोच्या वापराचाच भाग आहे. आर्चवर आधारलेली मांजारो पॅकेजेस काही काळ रोखून धरते. ऐकायला ते सुरक्षित वाटतं, पण एयूआर या आर्च वापरकर्त्यांच्या भांडारातल्या पाककृती (पॅकेज बांधायच्या स्क्रिप्ट) आर्चच्या ताज्या लायब्ररी गृहीत धरून लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या मधल्या काळात ती पॅकेजेस बांधली न जाण्याची शक्यता वाढते.

एयूआरबद्दल आणखी एक. तिथे कोणीही पॅकेज टाकू शकतो. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावांशी मिळतीजुळती नावं देऊन तिथे दूरनियंत्रण करणारा मालवेअर टाकला गेला होता. बांधण्याआधी पीकेजीबिल्ड ही पाककृतीची फाइल उघडून स्रोताचा पत्ता अधिकृत आहे का आणि इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये काय चालतं, हे पाहायलाच हवं.

ताजेपणा आणि सुरक्षा एकच, हा समज २०२४ च्या मार्चमध्ये चांगलाच तपासला गेला. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं मागचं दार (बॅकडोर) सापडलं. एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रावर प्रवेश करायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकल्यामुळे आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी ते शोधून काढलं. टंबलवीड, डेबियनची टेस्टिंग आणि अस्थिर शाखा, फेडोराची रॉहाइड ही विकासातली शाखा इथपर्यंत त्या आवृत्त्या गेल्या होत्या. डेबियन स्टेबल, उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) आणि त्यावर उभी असलेली मिंट यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. जुन्या आवृत्तीचा आकडा पाहून ‘असुरक्षित’ म्हणू नये, कारण या डिस्ट्रो सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच बसवतात. मात्र उबुंटूत एक बारकावा आहे: ‘मेन’ भांडाराला उबुंटूची कंपनी कॅनोनिकल पाच वर्षं दुरुस्त्या देते, ‘युनिव्हर्स’मधली हजारो पॅकेजेस मूलतः समुदायावर अवलंबून असतात. त्यांनाही नियमित दुरुस्त्या हव्या असतील तर कॅनोनिकलचं उबुंटू प्रो हे सदस्यत्व जोडावं. वैयक्तिक वापरासाठी ते पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे.

आता लोकप्रियतेची खरी बाजू, कारण ती नाकारणंही चूक ठरेल. लोकप्रिय डिस्ट्रोसाठी बाहेरच्या कंपन्या पॅकेजेस बनवतात. प्रिंटर, व्हीपीएन किंवा बैठकीचं सॉफ्टवेअर ‘लिनक्ससाठी’ म्हणून मिळतं तेव्हा ते पुष्कळदा डेब फाइल (डेबियन-उबुंटूचं पॅकेज) असते आणि उबुंटूवर तपासलेलं असतं. एखादा त्रुटीसंदेश शोधला तर उबुंटू, मिंट किंवा आर्चवरचं उत्तर पटकन सापडतं. हा फायदा रोजच्या कामाचा आहे, आणि तो निव्वळ संख्येतून येतो. पण ती संख्या शिफारशीवर विसंबून आलेल्या नवख्यांचीही असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेमिंगसाठी जोरात सुचवल्या जाणाऱ्या पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम टाकताना, पॅकेजांच्या परस्पर अवलंबनाच्या गोंधळामुळे एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाने सगळा डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव दिला, आणि एका गाजलेल्या यूट्यूब चॅनलवर तो मान्य केला गेला. तेव्हा एपीटी कोणती पॅकेजेस काढणार ही यादी दाखवत होतं. ती यादी प्रत्येक वेळी वाचा. त्यात डेस्कटॉप, ग्राफिक्स किंवा कर्नलचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

निवडताना पहिला प्रश्न हार्डवेअरचा. यंत्र वर्षभरात बाजारात आलेलं असेल तर जुना कर्नल वाय-फाय किंवा ग्राफिक्स ओळखेलच असं नाही. डेबियन १३ मध्ये ६.१२ कर्नल आहे. त्याहून नवा हवा असेल तर बॅकपोर्ट्स हे नव्या आवृत्त्यांचं भांडार जोडावं लागतं. फेडोरा कर्नल सतत नवा ठेवते, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते, म्हणजे वर्षातून एकदा तरी पुढे सरकावंच लागतं. शिवाय पेटंटमुळे एच.२६४ या व्हिडिओ-स्वरूपाचं हार्डवेअर डिकोडिंग तिच्या मूळ पॅकेजांत नसतं. एएमडीच्या ग्राफिक्सवर आरपीएम फ्युजन हे बाहेरचं भांडार जोडून मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरचं ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेज घेतलं की ते मिळतं.

मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवून पाहणं. आयएसओचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) आधी जुळवा. २०१६ मध्ये मिंटची साइट फोडून तिथले दुवे बिघडवलेल्या आयएसओकडे वळवले गेले होते, म्हणून चेकसमवरची सहीही तपासलेली उत्तम. लाइव्हमध्ये झाकण बंद करून तीनदा झोपवा आणि उठवा, वाय-फाय परत येतं का बघा, बाहेरचा मॉनिटर लावा, स्क्रीन १२५ टक्क्यांवर नेऊन अक्षरं धूसर होतात का पाहा. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही.

एन्व्हिडियाचं कार्ड आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड सुरू करू देणारी सोय) चालू असेल तर यंत्रावरच बांधलेलं कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हर) सही नोंदवल्याशिवाय चढत नाही. उबुंटू आणि मिंट तेव्हा एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला तर नोंदणी ‘एमओकेयुटिल’ कमांडने पुन्हा मागावी लागते. फेडोरावर ड्रायव्हर टाकल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका, मॉड्यूल बांधून व्हायला पाचेक मिनिटं द्या.

जुन्या किंवा मध्यम वयाच्या यंत्रावर पहिल्यांदा येणाऱ्याला मी मिंट सुचवीन, नव्या यंत्रावर फेडोरा, आणि ज्याला रोलिंगच हवं त्याला टंबलवीड. डिस्ट्रो बदलताना जुनं होम फोल्डर तसंच वापरणार असाल तर दिशा बघा. आर्चवरून डेबियनवर आलात तर फायरफॉक्सचं प्रोफाइल नव्या आवृत्तीने लिहिलेलं असतं आणि जुना फायरफॉक्स ते उघडायला नकार देतो. बुकमार्क आणि पासवर्ड आधीच निर्यात करून ठेवा, आणि नव्या डिस्ट्रोत नवं होम बनवून त्यात फक्त आपल्या फाइल्स आणा, लपलेले डॉट-फोल्डर नको.