दापोली ते रत्नागिरी : वरच्या स्तरावर जाऊ पाहणाऱ्या सॉफ्टबॉल संघाचा सरावदौरा

शालेय क्रीडा स्पर्धांच्या रचनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूर विभागात मोडतात. त्यामुळे तालुका आणि जिल्हा या पायऱ्या चढून गेलेल्या कोकणातल्या संघाची पुढची गाठ थेट कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या संघांशी पडते. जिल्ह्यात सहज जिंकणाऱ्या मुलींना जिल्हा आणि विभाग या दोन पायऱ्यांमधील उंची कळत नाही आणि ती कळते तेव्हा विभागीय सामना हातचा गेलेला असतो. ही उंची त्यांना आधीच दिसावी, तीही निकालाचे ओझे नसताना, एवढ्याच हेतूने आम्ही आमच्या सतरा वर्षांखालील मुलींचा संघ थंडीच्या दिवसांत रत्नागिरीला नेला. तिथे महाविद्यालयीन मुलींचा एक संघ आणि आंबा घाट उतरून आलेला एक शालेय संघ यांच्याशी मैत्रीचे सामने ठरले होते. अशा दौऱ्याचा विचार करणाऱ्या क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना उपयोगी पडेल ते येथे नोंदवतो.

दापोलीहून रत्नागिरीला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक खेडला महामार्ग ६६ धरून चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असा जातो. दुसरा दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटींनी वाशिष्ठी आणि शास्त्री नद्यांची मुखे ओलांडत गुहागर आणि गणपतीपुळ्यावरून जातो. जाताना आम्ही किनाऱ्याचा मार्ग घेतला, कारण फेरीबोटीवर मुलींना खाली उतरून पाय मोकळे करता येतात. मात्र या रस्त्याला वळणे फार आहेत आणि ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनांवर बसवणे, आलेपाक जवळ ठेवणे आणि निघताना पोटभर न खाऊ देणे आवश्यक आहे. टेम्पो ट्रॅव्हलरला बोटीवर जागा मिळते. मोठी बस नेणार असाल तर जेटीवर आधी चौकशी करावी. सामन्याच्या दिवशी सकाळी या मार्गाने निघू नये, आदल्या दिवशी उजेडातच मुक्कामी पोहोचावे. शेवटचा सामना संध्याकाळी संपणार असल्याने शेवटच्या फेरीच्या वेळेचा घोर नको, म्हणून परतीला आम्ही महामार्गच धरला.

वरच्या स्तराचा पहिला फरक पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, हातात दिसतो. मुलींच्या खेळात पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे (बॅटर जिथे खेळते आणि तिन्ही बेस फिरून रन पुरा करायला जिथे परतते, ती जागा) अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने आलेल्या चेंडूला हे अंतर कापायला सुमारे ०.७९ सेकंद लागतात, तर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या चेंडूला सुमारे ०.५९ सेकंद. प्रत्यक्षात पिचर पुढे झेपावून चेंडू सोडत असल्याने दोन्ही वेळा याहूनही कमी भरतात. हा सेकंदाचा पाचवा हिस्सा कागदावर किरकोळ वाटतो, पण महाविद्यालयीन पिचरसमोर आमच्या उजव्या हाताच्या बॅटर्सचे फटके एकामागोमाग पहिल्या बेसच्या बाजूला रेषेबाहेर, म्हणजे फाउल, जाऊ लागले, म्हणजे बॅट प्रत्येक वेळी उशिरा येत होती. आम्ही त्यांना बॅटर्स बॉक्समध्ये, म्हणजे होम प्लेटशेजारी आखलेल्या चौकटीत, मागे उभे केले, बॅटची पकड थोडी वर घ्यायला लावली आणि पिचरचा हात गोल फिरू लागताच स्वतःची हालचाल सुरू करायला सांगितले. दुसऱ्या सामन्यात चेंडू मैदानात येऊ लागले. रन फारसे झाले नाहीत, तरी माझ्या दृष्टीने ती मोठी मजल होती.

या वेगाची तयारी घरच्या मैदानावरही करता येते. तुमची पिचर ताशी ६० किलोमीटरनेच टाकत असेल, तर तिला ४३ फुटांऐवजी ३२ फुटांवरून टाकू द्यावे, म्हणजे बॅटरला मिळणारा वेळ ८० च्या वेगाइतकाच राहतो. हा सराव हेल्मेट घालून आणि टेनिस किंवा रबरी चेंडूनेच करावा.

आमची एक चांगली बॅटर अंगाकडे येणाऱ्या प्रत्येक चेंडूला पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे काढत होती. तिला ओरडून उपयोग नव्हता. यजमान प्रशिक्षकांच्या परवानगीने, त्यांची पिचर सामन्यापूर्वी हात मोकळा करत असताना, आम्ही तिला हेल्मेट घालून बॉक्समध्ये नुसते उभे केले. बॅट खांद्यावर ठेवून, चेंडू कॅचरच्या (होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या मुलीच्या) ग्लोव्हमध्ये कुठे विसावतो ते तिने मोठ्याने सांगायचे: वर, खाली, आत, बाहेर. दहाबारा चेंडूंनंतर तिचा आवाज स्थिर झाला आणि पायही जागेवर राहू लागला. भीती वेगापेक्षा अनोळखीपणाची अधिक असते, हे मला तेव्हा फार जवळून दिसले.

क्षेत्ररक्षणात आमच्या मुलींची मुळे टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये आहेत, त्यामुळे चेंडू अडवण्यात त्या कमी नाहीत. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू कुठल्या तरी एका टोकाला फेकायचा असतो, आणि येथे तीन बेस आणि होम प्लेट या चार ठिकाणांपैकी योग्य ते ठिकाण चेंडू हातात येण्याआधीच ठरलेले असावे लागते. घाटावरच्या संघाने नेमके इथेच बोट ठेवले. त्यांची धावक दुसऱ्या बेसवर असताना बॅटरने तिसऱ्या बेसच्या रेषेवर हलकासा बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता पुढ्यात टेकवला. आमची तिसऱ्या बेसवरची मुलगी पुढे धावली, तिने चेंडू स्वच्छ उचलला आणि पहिल्या बेसवर गडी बादही केला. पण तिने सोडलेल्या बेसवर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी मुलगी) पोहोचलीच नव्हती. तो बेस रिकामा पाहून धावक तिसरा बेस घेऊन न थांबता होम प्लेटकडे निघाली आणि पहिल्या बेसवरून परतफेक येईपर्यंत रन झाला होता. कोणाच्याही हातून चेंडू सुटला नव्हता, तरी रन गेला. जिल्ह्यात असा बंट कोणी करत नाही, म्हणून तिथे ही उणीव उघडी पडत नाही. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत फरशीवर चपलांचे बेस मांडून आम्ही हीच एक हालचाल पुन्हा पुन्हा केली: तिसरी पुढे आली की शॉर्टस्टॉप तिसऱ्यावर, पहिली पुढे आली की दुसरी पहिल्यावर.

कॅचरची दुसऱ्या बेसवरची फेक सुमारे ८५ फुटांची असते आणि चेंडू पिचरच्या हातून सुटताच धावकाला बेस सोडता येतो, त्यामुळे बलाढ्य संघ पहिल्या इनिंगमध्येच स्टील करून, म्हणजे फटका नसतानाच पुढचा बेस पळत गाठून, तुमच्या कॅचरची परीक्षा घेतो. त्याला तयार राहावे. उलट बाजूने, खो-खो खेळलेल्या मुली आपल्याकडे असतातच; त्यांचे झटक्यात दिशा बदलणे बेसवर फार उपयोगी पडते, तेव्हा त्यांना नुसत्या राखीव म्हणून बसवून ठेवू नये.

सामने ठरवताना यजमानांशी दोन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. नवख्या संघाविरुद्ध प्रशिक्षक साहजिकच दुसऱ्या फळीची पिचर उतरवतात. आपण मुख्य पिचरसाठीच आलो आहोत आणि तिने निदान दोन इनिंग टाकाव्यात, अशी विनंती करावी. आम्हाला ती आनंदाने मान्य झाली. दुसरे असे की मोठा फरक पडला की सामना लवकर संपवण्याचा नियम बाजूला ठेवून सातही इनिंग खेळाव्यात. अन्यथा इतका प्रवास करून मुलींना तीनचार इनिंगच मिळतात. दिवसाला दोनहून अधिक सामने घेऊ नयेत आणि निदान दोन पिचर न्याव्यात, कारण एकाच मुलीच्या खांद्यावर सगळा दौरा टाकणे तिच्यावर अन्याय आहे.

कोकणातले मैदान म्हणजे जांभ्याची लाल, टणक जमीन. तिच्यावर घसरून बेस गाठताना मांड्या आणि कोपरे सोलवटतात, म्हणून पूर्ण लांबीची पँट आणि गुडघ्याचे पॅड हवेतच. घसरण्याचा पहिला सराव आम्ही दापोलीजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत करून घेतला होता, त्याने मुलींच्या मनातली धास्ती गेली. सकाळी दवामुळे चेंडू निसरडा होतो, तेव्हा पिचरजवळ कोरडा रुमाल द्यावा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि उंच उडालेला चेंडू पूर्वेकडे सरकतो, हे आउटफिल्डच्या मुलींना सामन्याआधी उंच चेंडू टाकून दाखवावे.

थंडीतही इथली हवा दमट असते आणि घाम सुकत नाही. मीठ घातलेले कोकम सरबत भरपूर न्यावे. सकाळी मऊभात आणि केळी पुरतात, मासळीचे जेवण शेवटच्या सामन्यानंतर. सोबत एक शिक्षिका, पालकांची संमतीपत्रे, जन्मतारखेचे पुरावे आणि बर्फाची पेटी असावी.

काही पालकांनी विचारले, की हरायला एवढ्या लांब कशाला जायचे. प्रश्न रास्त होता, म्हणून परतल्यावर आम्ही त्यांना स्कोअरबुकातले फक्त तीन आकडे दाखवले: प्रत्येक सामन्यात किती बॅटर्सनी चेंडू मैदानात मारला, साध्या चेंडूवर किती गडी बाद झाले आणि रिकाम्या राहिलेल्या बेसमुळे किती रन गेले. हे तिन्ही आकडे शेवटच्या सामन्यापर्यंत सुधारले होते आणि पुढच्या दौऱ्याला त्याच पालकांनी होकार दिला.

दौऱ्यासाठी डिसेंबर आणि जानेवारी हाच काळ सोयीचा आहे. त्यानंतर दहावीची परीक्षा येते, एप्रिल-मे मध्ये अनेक मुली घरच्या आंबा-काजूच्या कामात गुंततात आणि जूनपासून मैदान पाण्याखाली जाते. शालेय स्पर्धा तर पावसाळा सरतो न सरतो तोच सुरू होतात, म्हणून पावसाच्या महिन्यांत शाळेच्या व्हरांड्यात ३२ फुटांचे अंतर खडूने आखून टेनिस चेंडूचा सराव चालू ठेवावा.