आमची वाटचाल : गावची बी आणि बाहेरची बी

वेंगुर्ल्याजवळ आमचं काजू प्रक्रियेचं काम सुरू झालं ते घरामागच्या पडवीत. एक छोटा बॉयलर, हातापायाने चालणारी कटिंग मशीन आणि सोलणीला वाडीतल्याच बायका. सुरुवातीला पावसाळा आला की काम बंद पडायचं. आपल्याकडची बी फेब्रुवारी ते मे एवढीच मिळते. वर्षभराची बी तेव्हाच भरून ठेवायची तर व्याज डोक्यावर बसतं, आणि काम थांबवलं तर सोलणीचा सरावलेला हात दुसरीकडे जातो. म्हणून आम्हीही आयात बी घेऊ लागलो : बेनिन, आयव्हरी कोस्ट, दिवाळीनंतर कधी टांझानिया.

बाहेरची बी स्वस्त, असं सगळे म्हणतात. किलोचा भाव बघितला तर बहुतेकदा असतेही. पण आमचा हिशेब उताऱ्यावर, म्हणजे किलोभर बीतून किती गर निघतो त्यावर चालतो. समजा, गावची बी १३० रुपयांनी घेतली आणि उतारा २८ टक्के पडला, तर किलोभर गराला नुसत्या बीचे ४६४ रुपये लागले. बाहेरची ११५ ने मिळाली, पण बोटीत-गोदामात ओल धरून उतारा २४ वर आला, तर तोच गर ४७९ ला पडतो. तीच बी २७ ला उतरली तर ४२६, म्हणजे गावची हरली! म्हणून पोती उतरवण्याआधी किलोभर बी कापून बघितल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही.

२०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं आयात शुल्क ५ वरून २.५ टक्के झालं. कारखानदार खूश, बागायतदार नाराज. आणि आमच्या घरात दोन्ही जमाती नांदतात. पुढच्या वर्षी केंद्राने आयात होणाऱ्या अख्ख्या गराला किलोमागे किमान ७२० रुपये आयातभावाची, म्हणजे त्याहून स्वस्त गर न आणण्याची, अट घातली, तिचा आधार मात्र आम्हाला खरोखर वाटला. बी आली तर इथल्या हातांना काम तरी मिळतं, तयार गर आला तर तेही नाही.

वेंगुर्ला ४ आणि ७ या काजूच्या जातींचा मोठा गर आम्ही वेगळा भरतो, भावही चढा लावतो. गणपतीला आलेले चाकरमानी तोच मागतात आणि घासाघीस करतात ती फक्त रिवाज म्हणून. मिठाईवाल्यांना लागते पाकळी आणि तुकडा. बी कुठली, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.