उच्चार नाही, मग अक्षर कशाला?

इंग्रजीच्या शिकवण्या घेते म्हटल्यावर जिन्यात, भाजीच्या गाडीवर, कुठेही हा प्रश्न येतोच: “मॅडम, जे अक्षर बोलायचं नाही, ते लिहायचं कशाला?” पूर्वी मीही “पाठ करा” म्हणून मोकळी व्हायची. मग आठवीतल्या एका मुलीच्या वहीत कर्ज या अर्थाचा ‘डेट’ डी-ई-टी-टी असा दिसला. मी लाल शाईने पहिल्या ‘टी’च्या जागी ‘बी’ घातला. तिने विचारलं, “हा ऐकू कुठे येतो?” तुम्हीही तेच विचारलंत म्हणून तिला दिलेलं उत्तरच सांगते.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत फ्रेंच शब्दांची रीघ लागली. कर्जाला फ्रेंचमध्ये ‘देत’ म्हणत, त्यात ‘बी’ नव्हता. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरही ‘बी’शिवायच लिहायचा. पुढे लॅटिनच्या ओढीने पंडितांनी मूळ शोधलं, ‘डेबिटुम’, आणि त्यातला ‘बी’ आणून बसवला. लोकांची जीभ मात्र बदलली नाही. समजा, ‘काम’ हा शब्द ‘कर्म’वरून आला म्हणून उद्या कुणी ‘कार्म’ लिहायला लावलं, तर आपण बोलू ‘काम’च ना? तसंच. मी तिला बँकेचं पासबुक दाखवलं. त्यातला ‘डेबिट’ही त्याच लॅटिन शब्दाचा. तिथे ‘बी’ स्पष्ट ऐकू येतो. ती दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसली.

पंडित चुकलेही. ‘आयलंड’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. बेट याच अर्थाच्या लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचं काही नातं नाही. तरी नात्यातला समजून त्यात ‘एस’ घुसवला, तो आजतागायत आहे.

ग्रीक शब्दांची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती मराठी मुलांना चटकन कळते. प्राचीन ग्रीकमध्ये आपल्यासारखे ख, थ, फ होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर होतं. रोमन लिपीत तशी अक्षरं नव्हती. मग रोमनांनी क, त, प यांच्या अक्षरांना ‘एच’ जोडला. ‘स्कूल’मधला ‘सीएच’ म्हणजे मुळात ग्रीकांचा ख! ‘फिलॉसॉफी’तला ‘पीएच’ म्हणजे आपल्या फळातला फ. ‘सायकॉलॉजी’च्या सुरुवातीचा ‘पी’ ग्रीक लोक खरोखर उच्चारायचे, ‘प्स’ असा. त्या जोडाला त्यांच्याकडे एकच अक्षर होतं. इंग्रजी जिभेला शब्दाच्या सुरुवातीला ते जमेना, म्हणून आवाज गेला, अक्षर राहिलं.

हे कळल्यावर स्पेलिंग सोपं होतं असं नाही, पण मुलं चिडायची थांबतात, हे मी पाहिलंय. श्रुतलेखनात ‘बी’ गाळला तर गुण कापावाच लागतो. कापते, आणि समासात लिहिते: “चॉसरच्या काळात हे चाललं असतं.”