चौथीची जागा

शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडणुकीला 'निवडणूक' म्हणायचं नाही, 'निवड' म्हणायचं आणि ती शक्यतो बिनविरोध करायची, असं वरून दर वेळी सांगितलं जातं. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत बिनविरोध फक्त झेंडावंदन होतं.

भांडण कशाचं, हे बाहेरच्यांना कळत नाही. ते समितीच्या हातून होणाऱ्या खर्चाचं आणि कामांचं असतं. आमच्या शाळेत पहिली ते सातवी, पट 118. 101 ते 250 पटाला समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान 50,000 रुपये, त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. मग गणवेश, दोन जोडांचे मुलामागे 600 रुपये. पोषण आहाराच्या तीन मदतनीस, 2,500 रुपये मानधनाच्या. त्या कोण असाव्यात हे समिती ठरवते आणि तिथूनच निम्मी भांडणं सुरू होतात. चौथी गोष्ट आमच्याकडची खास, हंगामी वसतिगृह. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरांना सहा महिने दोन वेळचं जेवण समितीमार्फत दिलं जातं. किराणा कुणाच्या दुकानातून यायचा, हा प्रश्न गावात ग्रामपंचायतीपेक्षा मोठा आहे.

नियम वाचायला सोपे आहेत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 आणि 17 जून 2010 चा शासन निर्णय. सदस्य 12 ते 16, मुख्याध्यापक, म्हणजे आमच्याकडे मी, पदसिद्ध सचिव, तो ह्या आकड्यात धरायचा नाही. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, वंचित आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा, साधारण प्रत्येक इयत्तेला प्रतिनिधित्व. उरलेल्यांत स्थानिक प्राधिकरणाचा एक, शिक्षकांतून एक, एक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष-उपाध्यक्ष पालकांतूनच. मुदत दोन वर्षं.

आता हे बसवून बघा. 16 ची समिती केली की 12 पालक आणि 3 इतर मिळून 15 होतात, सोळावा कोण ह्यावरून भांडण. म्हणून मी 12 चीच करतो. नऊ पालक, तीन इतर, तिढा नाही. नऊ जागांपैकी सात इयत्तांच्या सात, दोन मोकळ्या. पटाचं प्रमाण काढलं तर भटक्या-विमुक्तांची 52 मुलं म्हणजे चार जागा, अनुसूचित जातीची 26 म्हणजे दोन, बाकी 40 म्हणजे तीन. मोकळ्या दोन जागा हे प्रमाण जुळवायला लागतात, त्या आधीच कुणाला कबूल केल्या की संपलं. महिलांचा हिशेब तर बहुतेक शाळा उलटा करतात. पालक आधी निवडतात, मग ग्रामपंचायतीकडून पुरुष येतो, शिक्षणतज्ज्ञ म्हणून निवृत्त गुरुजी येतात, आणि शेवटी एक बाई कमी पडते. मग कुणाच्या तरी घरी जाऊन सही आणायची. क्रम असा हवा: आधी ग्रामपंचायतीचा ठराव (सरपंचांचा फोन म्हणजे ठराव नव्हे), मग शिक्षकांची निवड, मग शिक्षणतज्ज्ञ, तो पालक सभेतच निवडायचा असतो, म्हणून सभेतला पहिला विषय तोच ठेवायचा. ह्या तिघांत महिला किती आल्या ते बघून पालकांतल्या महिला जागा ठरतात. आमच्या तिघांत एक शिक्षिका होती. म्हणजे पालकांतून पाच महिला. कोणत्या इयत्तांच्या, ते पहिलीतल्या पोरीच्या हातून चिठ्ठ्या काढून ठरवलं. त्यात चौथी आली.

मत कसं द्यायचं, हे शासन निर्णय सांगत नाही. हात वर करायला लावलं तर पालक उमेदवाराकडे बघतच नाहीत, भावकीतला मोठा माणूस कुठला हात वर करतो ते बघतात. म्हणून चिठ्ठी. प्रत्येक इयत्तेला वेगळ्या रंगाचा कागद, मागं शाळेचा शिक्का आणि माझी सही, उमेदवारांच्या नावापुढं चित्र: घंटा, पाटी, फुगा. ज्या इयत्तेत मूल, त्या इयत्तेत कुटुंबाचं एक मत. जुळी असली तरी एकच. तीन इयत्तांत तीन मुलं असतील तर तीन ठिकाणी मत, पण उभं एकाच ठिकाणी राहायचं. हे सगळं नोटिशीवर आधी छापायचं, सभेत सांगितलं तर 'गुरुजींनी ऐनवेळी काढलं' होतं. मतपेटी म्हणून तांदळाची मापटी ठेवायची कोठी वापरली.

तारखेत मात्र मार खाल्ला. मुदत ऑक्टोबरअखेर संपत होती. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, कुणी थांबत नाही. म्हणून मी सभा सप्टेंबरातच लावली. 83 कुटुंबं, निम्मी, म्हणजे 42 आली नाहीत तर सभा तहकूब, असं नोटिशीत मीच लिहिलं होतं. त्या दिवशी सह्या झाल्या 38. समोरच्या चहाच्या टपरीवर सहा-सात बाप बसले होते, मला खिडकीतून दिसत होते. दोनदा शिपाई पाठवला. 'आलो आलो' म्हणाले आणि पुन्हा चहा सांगितला. कोयते, म्हणजे ऊसतोडीची कुटुंबं, गेल्यावर सभा झाली तर आपलं पारडं जड होतं, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. निम्म्याची अट मी माझ्याच हुशारीनं घातली होती.

दुसरी सभा दसऱ्यानंतर. तोवर 36 कुटुंबं कर्नाटकात आणि पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर पोचली होती. हजर 47. त्यातल्या 19 जणांत बहुतेक आज्या, दोन-तीन आजोबा. लेकरं त्यांच्यापाशी ठेवलेली, त्यामुळे ते आले. खरं सांगायचं तर त्यांना मत आहे की नाही, ह्याचा मी सभेपर्यंत विचारच केला नव्हता. पालक यादी मी जनरल रजिस्टरवरून काढली होती. मुलाचं नाव, इयत्ता, आई, बाप, जात, जन्मतारीख, सगळं होतं. मूल आत्ता कुणापाशी राहतं, हा रकाना नव्हता.

चौथीच्या जागेला दोन नावं आली. एक गावातली, किराणा दुकानवाल्या गटाची सून. दुसरं नाव आजीचं. नातू चौथीत, नात दुसरीत, मुलगा आणि सून कोयत्यावर. ज्यानं नाव सुचवलं तो दुसऱ्या गटाचा, म्हणजे तिथंही धर्मकार्य काही नव्हतं. लगेच एकानं उठून हरकत घेतली: आईबाप जिवंत असताना आजी पालक कशी? दुसरा म्हणाला, म्हातारीला वाचता येत नाही. ह्या दुसऱ्या हरकतीत दम नाही, शिक्षणाची अट कुठंच नाही. पहिल्या हरकतीत होता.

मी वऱ्हांड्यात जाऊन केंद्रप्रमुखांना, म्हणजे आमच्या वरच्या अधिकाऱ्यांना, फोन लावला. 'तुमच्या स्तरावर सामोपचारानं घ्या' असं उत्तर आलं. हे वाक्य आमच्या खात्यात कुठल्याही प्रश्नाला चालतं. आत येऊन मी फायलीतला कायदा काढला. कायद्यात आईवडील आणि पालक ह्यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. पालक म्हणजे बालकाची काळजी आणि ताबा जिच्याकडे आहे अशी व्यक्ती. नैसर्गिक पालक आणि न्यायालयानं नेमलेला पालक ह्यांचा तीत समावेश होतो. समावेश होतो, म्हणजे तेवढेच नव्हेत. मी ते मोठ्यानं वाचलं आणि आजीला विचारलं, लेकरं रात्री कुठं निजतात?

"माझ्यापाशीच की गुरजी. अजून कुठं निजतील?"

मी नाव घेतलं, आणि त्याच न्यायानं 19 जणांना मतंही दिली. मग सातवीच्या जागेला एक काका उभे राहिले. भाऊ पुण्यात कंपनीत, म्हणून पोराचा पालक मी. पोराची आई मात्र गावातच, त्याच सभेत मागच्या रांगेत बसली होती. ते नाव मी काढून टाकलं. काका अजून मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

चौथीच्या 11 चिठ्ठ्या निघाल्या. आजी 6, दुकानवाल्या गटाची सून 5. नऊ जण झाले, ते आणि इतर तीन मिळून बारांनी अध्यक्ष निवडला, 7 विरुद्ध 5. निवडून आलेल्या गृहस्थांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेतली मुलगी आठ दिवसांपूर्वीच आमच्या पाचवीत आणली होती. कशासाठी, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण पटावर नाव आहे, मूल वर्गात बसतं, मी काय म्हणणार? आणि हेही लिहिलं पाहिजे की मुलींच्या शौचालयाच्या पाण्याचं काम दोन वर्षं रखडलं होतं, ते त्यांनी तीन आठवड्यांत करून घेतलं. बँकेत मात्र त्यांची सही चढायला दोन महिने लागले. ठराव, आधार, पॅन, फोटो, पुन्हा ठराव कारण पहिल्यावर तारीख खोडलेली. तोवर खात्यातला रुपया हलत नाही आणि वसतिगृहाचा किराणा उधारीवर चालतो. कुणाला अध्यक्ष व्हायचं असेल त्यानं निवडीच्या दिवशीच तीन प्रती सह्या करून ठेवाव्यात.

सभेच्या रात्री नऊला फोन आला, आजीच्या सुनेचा, फडावरनं. मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या. तिचं नाव का नाही, एवढंच विचारत होती. सप्टेंबरच्या सभेला ती आली होती, त्या 38 सह्यांत तिची सही आहे, दहावी झालेली आहे, आणि त्या दिवशी चौथीला उभं राहते असं तिनं मला सांगितलं होतं. हे माझ्या लक्षातून गेलं होतं. मी म्हणालो, तुमच्या सासूबाई आल्यात की निवडून. ती म्हणाली, त्या आल्यात, मी नाही आले. मग कोपीवर, फडावरच्या त्यांच्या झोपडीवर, रेंज गेली.

कायद्यानं ती आईच आहे. गैरहजर उमेदवाराचं नाव घेऊ नये, असं मला कुठं लिहिलेलं सापडलं नाही. तशी नुसती प्रथा आहे. म्हणजे एक व्याख्या मी मोठ्यानं वाचली आणि दुसरी, त्याच पानावरची, वाचली नाही. दुकानवाल्या गटानं आजीविरुद्ध तक्रार केली, तिला मी दीड पानी उत्तर दिलं, ते टिकलं. आजीच्या सुनेनं तक्रार केली असती तर मला उत्तर सापडलं नसतं.

यादीत आता तो रकाना आहे, 'मूल सध्या कोणाजवळ', आणि शेजारी आईबापाचा फडावरचा मोबाइल नंबर. निम्म्याची अट काढून टाकली आहे. पुढची मुदत पुन्हा ऑक्टोबरातच संपते. फेररचना ऑगस्टमध्ये करू द्या, असा अर्ज दिला आहे, त्यावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा आला आहे.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. त्या महिन्याच्या बैठकीला सासू-सुना दोघी आल्या आणि शेजारी शेजारी बसल्या. लेकरं आता आईपाशी निजत होती. मी वाचलेल्या व्याख्येप्रमाणे आजीचं सदस्यत्व राहिलं की गेलं, हे मी कुणाला विचारलं नाही. इतिवृत्तावर आजीचा अंगठा घेतला, सुनेचं नाव 'निमंत्रित' म्हणून लिहिलं. गणवेशाच्या कापडाचे तीन दरपत्रक पुढं होते. दोन दरपत्रकांवर एकाच माणसाचं अक्षर आहे, हे सुनेनं दाखवलं. अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.