बाळंतिणीपाशी कोण बसतं

बुधवार, रात्री

आज पलंग ठोकळ्यांवर चढवला. भाड्याने आणलेले चार ठोकळे नवऱ्याने चारही पायांखाली सरकवले आणि मोजपट्टी लावली. ८० सेंटिमीटर भरले. आता वर चढायला मला पाट लागतो. इथे नेदरलँड्समध्ये बाळंतपण घरी करा नाहीतर दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत पलंग उंच करून घ्यायचाच असतो. कारण बाळंतीण शेवटी घरीच झोपणार, आणि तिला तपासायला बाई घरी येणार. त्या बाईची कंबर मोडू नये म्हणून ही उंची. आईला हे फार आवडलं. म्हणाली, "आपल्याकडे बाळंतिणीचं करणारी बाई सव्वा महिना वाकून वाकून मोडते, तिच्या कमरेचा कुणी विचार केला नाही."

परवा सुईण घर बघून गेली. आई तिला सुईणबाईच म्हणते, आणि मलाही आता तेच तोंडात बसलंय. चार वर्षांचं पदवी शिक्षण घेतलेली बाई आहे. गरोदरपणात सगळं सुरळीत असेल तर इथे डॉक्टरांची गाठही पडत नाही, तपासणीपासून बाळंतपणापर्यंत सगळं सुईणच बघते. आमचा उत्रेख्तमधला जिना उभाच्या उभा आणि अरुंद. तिने आधी तो बघितला. स्ट्रेचर इथून खाली येईल का, दारापुढे गाडी कुठे थांबेल, दवाखाना किती मिनिटांवर आहे. घरच्या बाळंतपणाबद्दल आमचं पहिलं सविस्तर बोलणं झालं ते दवाखान्यात कसं पोचायचं याचंच. माझा विश्वास बसला तो तिथेच.

अटी तिने स्पष्ट सांगितल्या. ३७ ते ४२ आठवड्यांच्या आत कळा सुरू व्हायला हव्यात, बाळ एकच हवं, डोकं खाली हवं, रक्तदाब ठीक हवा, आधीचं सिझेरियन नको. यातलं काहीही बदललं की दवाखाना, आणि त्यात कुणाचाही पराभव नाही. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बायकांचा एक मोठा अभ्यास झाला होता, २०११ साली प्रसिद्ध झाला. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना मध्येच किंवा नंतर लगेच दवाखान्यात हलवावं लागलं. आधी बाळंत झालेल्यांत हाच आकडा १२. पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका थोडा जास्त दिसला, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तसा फरक दिसला नाही. माझं हे दुसरं. पहिलं असतं तर मी घरी करायला धजावले नसते, हे इथे लिहून ठेवते.

साठच्या दशकात या देशात दोन तृतीयांशाच्या आसपास बाळंतपणं घरीच व्हायची. आता सहा-सातांत एखादं. म्हणजे शेजारणींनाही माझं थोडं अप्रूपच वाटतंय.

रविवार, दुपारी

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

शुक्रवारी रात्री कळा सुरू झाल्या. थोरल्याला शेजारच्यांकडे झोपवलं. सुईणबाई आली, तपासलं, आणि थांबली. थांबली म्हणजे काय ते लिहायचंय मला. तिने खोलीतला मोठा दिवा बंद केला. भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मधून मधून हातातल्या छोट्या यंत्राने बाळाचे ठोके ऐकायची, कागदावर काहीतरी टिपायची, परत भिंतीशी. मी पलंगाच्या कडेला छाती टेकून उभी, तर पाठीमागून आईचा हात, कोमट तिळाच्या तेलाचा. कळ आली की आई मणक्याच्या खालच्या टोकाशी तळहाताने दाबायची. सुईणबाईने ते बघितलं आणि आईचा हात दोन बोटं खाली सरकवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्यानंतर रात्रभर आईचा हात तिथेच होता.

बराच वेळ मी गरम पाण्याच्या शॉवरखाली बसून काढला. तिथेही ती दाराशी बसलेली. एकदाच बोलली, मी "आता नाही होत माझ्याच्याने" म्हटलं तेव्हा. म्हणाली, "होतंय. तू तेच तर करतेयस."

पुण्यात थोरल्याच्या वेळी दवाखाना चांगला होता, डॉक्टरही चांगले. पण त्या लांबच लांब रात्री माझ्यापाशी कुणी नव्हतं. आई बाहेरच्या बाकावर, नवरा खाली फाटकाशी. मी ट्यूबलाइटखाली, पाठीवर, हाताला सलाईन. दर थोड्या वेळाने वेगळी व्यक्ती यायची, तपासायची, निघून जायची. "ओरडू नका, ताकद संपेल," एवढंच वाक्य त्या रात्रीचं लक्षात आहे. बाळ छान झालं, मीही धड होते, म्हणून कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही. पण पुढे कितीतरी महिने ट्यूबलाइट लावताना माझ्या पोटात खड्डा पडायचा.

शेवटी बाळंतपणाचं तीन पायांचं, अर्धगोल बैठकीचं छोटं स्टूल आलं. त्यावर बसले, मागून नवऱ्याने धरलं. आई म्हणाली, "आमची आजी अशीच उकिडवं बसून बाळंत झाली असणार." तोवर बाळ-बाळंतिणीचं करणारी मदतनीस ताईही पोचली होती, टॉवेल गरम करून ठेवत होती. मग सगळं फार भराभर झालं. बाळ माझ्या छातीवर, वर गरम टॉवेल. नाळेची धडधड थांबेपर्यंत कुणी तिला हात लावला नाही. मग चिमटा, मग निर्जंतुक कात्री, ती नवऱ्याने चालवली. माझ्या मांडीत एक इंजेक्शन दिलं, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. वार पडल्यावर सुईणबाईने ती परातीत उलगडून, कडा जुळवून बघितली आणि आईला व मला दाखवली: पूर्ण आलीय, आत काही राहिलं नाही. रक्ताचे पॅडही तिने वजनकाट्यावर ठेवून मोजले. शांत बसलेल्या त्या बाईचं सगळीकडे किती बारीक लक्ष होतं, ते मला तेव्हा कळलं.

कात्री बघून आई गप्प झाली होती. आज सकाळी बोलली. ती स्वतः वाईजवळच्या गावात घरीच जन्मलेली, सुईणीच्या हातची, हे मला माहीत होतं. तिच्या आधीचा एक भाऊ सातव्या दिवशी गेला, हे नव्हतं माहीत. विळ्याने नाळ कापली, वर राख लावली. धनुर्वात झाला. आजी त्या सुईणीला कधी वाईट बोलली नाही, कारण आजीच्या सगळ्या कळा तिनेच हाताने सोसवल्या होत्या. भारतातून माता-बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं. लस, निर्जंतुक ब्लेड आणि दवाखान्यातली बाळंतपणं, यांनी ते घडवलं. हे विसरून घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणं मला जमणार नाही.

सोमवार

मदतनीस ताई रोज सकाळी येते. याला इथे क्रामझोर्ग म्हणतात. बाळंतपण कुठेही झालेलं असो, प्रत्येक बाळंतिणीला ही बाई मिळते, साधारण आठवडाभर, कमीत कमी २४ तास आणि गरज असेल तर ८० तासांपर्यंत. पैसे मूळ आरोग्य विम्यातून जातात, आपण तासाला थोडे युरो भरायचे.

ती आली की आधी हात धुते. मग माझं तापमान, नाडी, गर्भाशय किती खाली उतरलं ते पोटावर हात ठेवून, टाका, रक्तस्राव. मग बाळाचं तापमान, वजन, शी-शूचा हिशेब, डोळे पिवळे दिसतात का. सगळं एका वहीत. मग मला स्तनपानाला बसवते, उशा सारख्या करते. मग न्हाणीघर घासते, थोरल्याशी खेळते, आलेल्यांना चहा देते आणि वेळ झाली की त्यांना उठवतेही.

बाळाच्या पाळण्यासाठी पत्र्याच्या दोन गरम पाण्याच्या बाटल्या आहेत. पाणी भरून झाकण लावल्यावर ताई ती उलटी धरते, थेंब पडतो का बघते. मग लोकरी खोळ. मग पांघरुणावर, तोंड बाळापासून दूर, आणि बाटली व बाळ यांच्यात वीतभर अंतर. आईने हे सगळं शिकून घेतलं. आम्ही साताऱ्याहून आणलेल्या शेगडीची जागा या बाटल्यांनी घेतली.

धुरीवर मात्र दोघींचं जमलं नाही. ओवा, शेपा, बाळंतशेपाची धुरी द्यायचीच, हा आईचा हट्ट. ताईने बाळाच्या छातीकडे बोट दाखवून मान हलवली: धूर नको. मोहरीची उशीही नको, उताणं आणि सपाट गादीवरच झोपवायचं. घुटी नको, आईचं दूध सोडून काहीच नको. आई दिवसभर घुश्शात. संध्याकाळी म्हणाली, "ती बाळासाठीच म्हणतेय ना, मग राहू दे." डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, पोटपट्टा, अंगाला तेल, यातल्या कशालाच ताईची हरकत नव्हती. आळीव तर वाटीत घेऊन तिने चाखून पाहिले.

आणि इथली रीत म्हणजे बाळ बघायला आलेल्यांना कडक गोल टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी पेरून द्यायची. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी. का, तर त्या बियांनी बाळंतिणीला दूध येतं. आईने एक दाणा चावला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. आमच्या डब्यातल्या बाळंतशेपा ताईपुढे ठेवल्या. मग दोघी एकमेकींचं खात बसल्या.

मंगळवार, पहाटे

दूध उतरलं आणि त्याबरोबर रडू. कारण काही नाही. पायमोजा सापडला नाही म्हणून रडले. छाती दगड झालीय. ताईने काल जातानाच सांगून ठेवलं होतं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होईल, आणि दोन आठवड्यांनीही ओसरलं नाही तर लगेच सांग, ते वेगळं असतं.

पुण्यात मला हे सांगायला कुणी नव्हतं. मी वाईट आई आहे असं वाटत राहिलं.

मंगळवार, रात्री

सुईणबाई येऊन गेली. ती या आठवड्यात अधूनमधून येतेच. आज तपासणी कमी, बसणंच जास्त. तिने मला शुक्रवारची रात्र माझ्या शब्दांत पहिल्यापासून सांगायला लावली. जिथे माझं आठवणं तुटत होतं तिथे तिने तिच्या कागदावरून भर घातली. मी शॉवरखाली किती वेळ होते हे मला समजलंच नव्हतं.

परदेशातलं म्हणून मी याचं कौतुक करत नाहीये. बाळंतिणीच्या घरी जाऊन तिला आणि बाळाला बघायचं, हे आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी करून दाखवलंय. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना तयार केलं, त्या घरोघर गेल्या, बाळ गरम ठेवलं, श्वास नसेल तर दिला, जंतुसंसर्ग ओळखून तिथेच औषध दिलं. ३९ गावांतला नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा ताई तेच काम करतायत: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेट. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. शहरात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्यांकडे मात्र पुण्यात कुणी आलं नव्हतं. सोसायटीच्या दाराआतली बाळंतीण बरीच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

गुरुवार

काल पाचवी पुजली. पाटा-वरवंटा कुठून आणणार, खलबत्ता ठेवला. कोरा कागद, पेन, दिवा. आई रात्रभर जागली.

शनिवार

नाशिकहून वहिनीचा फोन. आठवा महिना लागलाय तिला, पहिलटकरीण. व्हॉट्सअ‍ॅपवर माझे फोटो बघून तिच्या डोक्यात आलंय. "ताई, मीही घरीच करू का? तुम्ही किती छान दिसताय."

मी लगेच नाही म्हटलं. अगं, तुझ्या दाराशी शिकलेली सुईण येणार नाही, आणि तिच्या पाठीशी गाडी न् दवाखाना तयार उभा नाही. ही साखळी नसताना घरी बाळंत होणं म्हणजे आईच्या भावाची गोष्ट. महाराष्ट्रात १०० पैकी जवळजवळ ९५ बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, ते चांगलंच आहे. २०१८ साली भारत सरकारने सुईण-परिचारिका तयार करायची योजना आखली, दीड वर्षाचं वेगळं प्रशिक्षण. त्या सगळीकडे पोचायच्या आहेत अजून. तोवर तू दवाखान्यातच जा, पण एकटी पडू नकोस.

तिला हे विचारायला सांगितलं: कळा चालू असताना माझं माणूस आत, माझ्यापाशी राहील का? उठून चालता येईल का? घोटभर पाणी पिता येईल का? सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला राहू द्यावं असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, खासगीतल्यांना विचारायला काय हरकत आहे. २६ अभ्यासांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती २०१७ मध्ये एकत्र तपासली गेली, तर शेवटपर्यंत कुणी सोबत असलं की सिझेरियन कमी होतात, कळांचा काळही थोडा आखूड होतो, असं दिसलं. औषध नाही, यंत्र नाही. आणि नंतरचं आत्ताच ठरव. मालिशवाल्या मावशी सव्वा महिना येतील, त्यांच्या जोडीला घरात थर्मामीटर ठेव, बाळाचं वजन कुठे करायचं ते बघून ठेव, आणि तुला रडू येईल तेव्हा फोन कुणाला करायचा ते नाव लिहून ठेव. माझं लिही.

गुरुवारच्या तपासणीत ती डॉक्टरांना विचारणार आहे. आत कोण बसणार तेही आम्ही ठरवून टाकलं. तिची आई नको, ती रक्त बघून गळपटते. मोठी आत्या. तिने दोन सुनांची बाळंतपणं काढलीयत. मी लगेच आत्याला फोन लावला, सगळं समजावून सांगितलं. तिने मध्येच थांबवलं. "नुसतं बसायचं ना गं तिच्यापाशी? मग रात्रभर बसते की."