तुम्ही विचारलंत म्हणून: ती वजाबाकी कशाला?

"सर, केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी आलं की वर्तुळं छेदतात ना? मग ते त्रिज्यांच्या वजाबाकीपेक्षा जास्त आहे का, हे कशाला तपासायचं?" अकरावीच्या प्रत्येक बॅचमधून हा प्रश्न येतोच. दोन वर्तुळं एकमेकांपासून दूर, टेकलेली, छेदणारी की एकात एक, हे सांगणाऱ्या पाच अटींचा तक्ता पाठ करून आलेली मुलं तर हमखास विचारतात.

मी फळ्यावर दोन वर्तुळं देतो. एकाचं केंद्र आरंभबिंदूवर, त्रिज्या ५. दुसऱ्याचं केंद्र (३, ०), त्रिज्या १. त्रिज्यांची बेरीज ६, अंतर ३. "छेदतात!" सगळे एका सुरात. मग काढा बिंदू. एका समीकरणातून दुसरं वजा केलं की वर्गाची पदं उडतात आणि एक्स येतो ५.५. तो पहिल्या समीकरणात घातला की वाय-वर्ग उणे ५.२५! अख्खा वर्ग गप्प. मोठं वर्तुळ ५ वरच संपतंय आणि आपण छेदनबिंदू ५.५ वर शोधतोय. ताटातली वाटी ताटाच्या काठाला लागतच नाही, तसं हे.

आता फक्त छोटी त्रिज्या वाढवायची. २ केली की एक्स ५, वाय शून्य. वर्तुळ आतून टेकलं. ४ केली की एक्स ३ आणि वाय अधिक-उणे ४. दोन बिंदू मिळाले.

यातला (३, ४) घ्या आणि दोन्ही केंद्रांना जोडा. बाजू ५, ४, ३. म्हणजे छेदनबिंदू हा त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू, आणि दोन त्रिज्या व केंद्रांमधलं अंतर या त्याच्या तीन बाजू. तीन बाजू देऊन कंपासनं त्रिकोण काढायचो, तेव्हा दोन कंस मारून आपण हेच करत होतो. ५, ३, १ घेऊन बघा, कंस भेटतच नाहीत.

ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकाचं २२वं विधान हेच सांगतं: कुठल्याही दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या हव्यात. तुमची वजाबाकी त्या 'कुठल्याही'मध्ये आहे. ५ आणि १ मिळून ३ पेक्षा मोठे, हे सगळे बघतात. ३ आणि १ मिळून ५ पेक्षा मोठे होतात का, म्हणजेच अंतर ३ हे ५ वजा १ पेक्षा मोठं आहे का, हे कुणी बघत नाही.

मीही बघितलं नव्हतं. चाचणीत फक्त बेरीज लिहून मोकळा झालो. आमच्या सरांनी मार्क कापले आणि लाल पेनानं शेजारी एकच शब्द लिहिला: "आकृती?"