नॉब की लिव्हर: माझ्या पिकअपच्या पावसाळी नोंदी

७ जून
वेल्ह्याकडे मामाच्या शेतावर जाणारी वाट पहिल्याच मोठ्या पावसात लोण्यासारखी झाली. मागची चाकं जागेवर फिरायला लागली तेव्हा गाडी थांबवली, न्यूट्रल केली, क्लच पूर्ण दाबला आणि फोर व्हीलचा नॉब फोर एलवर (चारही चाकांना जोर, हळू पण ताकदवान गिअर) नेला. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहिला. खालून जो 'खट्' आवाज यायला हवा तो आलाच नाही. टू एचवर (फक्त मागच्या चाकांना जोर) आणून पुन्हा प्रयत्न केला, इग्निशन बंद करून पुन्हा केला. शेवटी मामानेच ट्रॅक्टर जोडून बाहेर काढलं. दोरखंड सोडताना म्हणाला, "अरे, नॉबऐवजी लिव्हरचा दांडा असता तर हाताला तरी कळलं असतं कुठं अडलंय ते."

हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

१५ जून
मेस्त्रींचा सल्ला सरळ आहे: "नॉबची मोटर काढून टाकू दादा, लिव्हर बसवून देतो, आयुष्यभर बघायला नको." माझं मन निम्मं तयार होतं. पण बिघाड नेमका कशात आहे हे कळल्याशिवाय काही कापायचं नाही, असं ठरवलं.

२१–२२ जून
दोन दिवस गाडीखाली.

ज्यांनी आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिव्हरच्या गाडीत तुमचा हात सळ्यांच्या जोडणीतून थेट ट्रान्सफर केसमधला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) फोर्क, म्हणजे गिअर जोडणारा काटा, सरकवतो. नॉबच्या गाडीत नॉब हा नुसता स्विच असतो. तो कंट्रोलरला मागणी कळवतो. कंट्रोलर वेग, न्यूट्रल आणि क्लच तपासतो आणि मग केसच्या मागे बसवलेली छोटी मोटर शिफ्ट शाफ्ट फिरवते. शाफ्ट कुठे पोचला हे मोटरमधलीच संपर्क-चकती परत कळवते. ती खबर आली नाही तर दिवा लुकलुकतो.

मोटर सोडवून बॅटरीचे बारा व्होल्ट थेट दिले. व्यवस्थित फिरली. मग वायरींचा कपलर उघडला आणि आत हिरवा थर दिसला. संपर्क-चकतीवरही तेच. पाणी शिरलेलं, आणि मी गेल्या पावसाळ्यानंतर फोर व्हील एकदाही लावलेलं नाही. न वापरल्यामुळे संपर्क कधी घासून साफ झालेच नाहीत. टोयोटाच्या अमेरिकेतल्या पिकअपच्या मालक-पुस्तिकेत महिन्याला किमान १६ किमी फोर व्हीलमध्ये चालवा असं लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, पाळलं नव्हतं.

कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, सिलिकॉन ग्रीस आणि कपलरला नवीन रबरी सील. जोडल्यावर पहिल्याच फटक्यात फोर एल. तो 'खट्' ऐकून फार बरं वाटलं.

६ जुलै
दुरुस्त झाली तरी मामाचं वाक्य उरलंच होतं. म्हणून मित्राची जिम्नी घेऊन त्याच वाटेवर गेलो. तिला साधा लिव्हर आहे. सुझुकीने आधीच्या पिढीच्या जिम्नीत बटणं आणली होती आणि २०१८ च्या नव्या पिढीत पुन्हा लिव्हर दिला. का, ते हातात धरल्यावर समजतं.

मुद्दाम वाटेआधीच्या डांबरी तुकड्यावर फोर एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावून एक घट्ट वळण घेतलं. (हे सारखं करू नका.) पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं लावायच्या, फोर व्हीलमध्ये मधलं डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर तो फरक सुटायला जागा मिळत नाही आणि सगळ्या शाफ्टांत पीळ बसतो. आता टू एचवर आणायला गेलो तर लिव्हर जणू कुणी पलीकडून धरून ठेवलाय. चार-पाच मीटर सरळ मागे घेतली आणि तो आपोआप सैल पडला.

माझ्या पिकअपमध्ये हाच पीळ बसला की फक्त दिवा लुकलुकतो. वायर तुटली तरी दिवाच, मोटर अडकली तरी दिवाच. तिन्हींना एकच भाषा. लिव्हर मात्र प्रत्येक अडचण वेगळी सांगतो: पीळ असेल तर जड होतो, गिअरचे दात समोरासमोर आले तर खटकतो, जोडणीचे बुश झिजले तर नुसता डुलतो. माझ्या मते दोघांतला खरा फरक हाच. मजबुती आणि किंमत नंतर.

लिव्हरची खोडही त्याच दिवशी दिसली. चढावर घाईत मी तो अर्धवटच ढकलला, दात घासल्याचा आवाज आला आणि मित्राचा चेहरा उतरला. नॉबचा कंट्रोलर असं कधी होऊ देत नाही. शिवाय ताम्हिणीत पावसात ओला रस्ता, मग माती, मग परत रस्ता असं असतं तेव्हा रस्त्यावरून नजर न हटवता चालत्या गाडीत फोर एच लावणं ही मोठी सोय आहे. ती मला सोडायची नाही.

२० जुलै
लिव्हर बसवण्याचा विचार सोडला. मेस्त्रींबरोबर केस नीट पाहिली. माझ्या केसमध्ये शाफ्ट जागेवर धरून ठेवण्याचं काम मोटरच्याच गिअरिंगकडे आहे. लिव्हरच्या केसमध्ये त्यासाठी स्प्रिंग आणि गोळीची खाच असते. नुसती मोटर काढून दांडा लावला तर भर चढावर गिअर सुटू शकतो. त्यात चालत्या गाडीत पुढचा शाफ्ट वेगावर आणणारा विद्युतचुंबकी क्लच वेगळ्या वायरने चालवायचा, आणि फ्लोअर कापायचा. मेस्त्रींनीही शेवटी मान डोलावली.

ज्यांना आता नवीन पिकअप घ्यायची आहे त्यांना शोरूममध्ये हायलक्स घ्या की व्ही-क्रॉस, नॉबच मिळणार. लिव्हर हवाच असेल तर थार किंवा जिम्नीकडे वळावं लागतं, आणि मग मागचा हौदा गेला. शेतावरचं कामच मुख्य असेल आणि जुनी लिव्हरवाली पिकअप चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर मी डोळे झाकून ती घेईन.

३ ऑगस्ट
आजचा सराव: मोटर बंद पडली तर हाताने फोर एल लावणं. चार बोल्ट, मोटर बाजूला, आतून शाफ्टचं तिकोनी टोक दिसतं. ग्रिप प्लायरने धरून हळू फिरवलं आणि पहिल्यांदाच या गाडीचा फोर्क हाताला जाणवला: आधी सैल, मग जड, मग बसला. शेडमध्ये कोरड्यात पंचवीस मिनिटं लागली. चिखलात पाठीवर झोपून दुप्पट धरा. म्हणून आता लो लावायची ती चिखलात शिरण्याआधी, मामाच्या फाटकापाशीच.

प्लायर, दहाचा पाना आणि ताडपत्रीचा तुकडा सीटमागे ठेवलाय. पुढच्या रविवारी तीच वाट. पुढच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर पाइप (हवा जाण्यायेण्याची नळी) त्याआधी बॉनेटपर्यंत उंच न्यायचाय.